खराट्याची चांदणी, करवंटीतला सांता

मरुदानल्लूर हे कुंभकोणमजवळचं लहानसं गाव. भजनात रमणाऱ्या दाक्षिणात्य माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. तिकडे आज जी भजनाची पद्धत रूढ आहे, तिची घडी बसवणारे सद्गुरु स्वामी याच गावचे. संस्कृत, तेलुगू, तमिळ, कन्नड पदांच्या जोडीनं त्या पद्धतीत मराठी अभंगही गातात. तंजावरला १६७५ ते १८५५ अशी पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षं मराठ्यांचं राज्य होतं. ते राज्य गेलं, अभंग राहिले. माझ्या लेकीचं सासर या गावात आहे, आणि मी बहुतेक डिसेंबरातच तिच्याकडे जाते. महिन्याच्या मध्याला मार्गळी हा तमिळ महिना लागतो, पहाटे दारोदार कोलमच्या रांगोळ्या उमटतात, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवून ते कोलमच्या मधोमध ठेवतात. आणि त्याच दिवसांत पलीकडच्या ख्रिस्ती घरावर कागदाची चांदणी चढते.

त्या घरात दोन मुलं. थोरला आठ वर्षांचा, धाकटी तीनची. माझी नात पाचची. मागच्या खेपेला मी जाताना मुंबईहून या तिघांसाठी नाताळच्या हस्तकलेचा एक तयार संच नेला होता. फोमचं कापलेलं झाड, मागे गोंद लावलेले चंदेरी ठिपके, सांताच्या टोपीचे तीन तुकडे. सगळं पंधरा मिनिटांत चिकटवून झालं. मुलांनी त्याकडे पुन्हा पाहिलं नाही, आणि मला ते मनापासून खटकलं. मुलांनी काही केलंच नव्हतं. कापलं कुणीतरी, रंगवलं कुणीतरी, कुठे काय लावायचं तेही डब्यावरच्या चित्रानं ठरवलेलं. पाठीमागचा कागद सोलायचा एवढंच काम त्यांच्या वाट्याला आलं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखली होती. मॉन्टेसरींची साधनं महाग, ती खेड्यातल्या बालवाडीला परवडणार नाहीत, हे तर त्यांना दिसलंच. पण आणखीही एक दिसलं, की मुलाच्या ओळखीची वस्तू हातात आली की त्याचा हात वेगळा चालतो. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर काम वाढवलं, आणि तिथल्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती हीच साधनं झाली. मी बरीच वर्षं बालवाडी चालवली ती याच वाटेनं. तेव्हा यंदा मरुदानल्लूरला जाताना मी फक्त तीन बोथट कात्र्या आणि घोटीव नि पतंगी कागदाच्या दोन-दोन पुड्या घेतल्या. बाकीचं तिथे मिळणारच होतं.

पहिली चांदणी. त्यासाठी नवा खराटा सोडला. नारळाचे हीर आपल्या कोकणात जसे तसेच कावेरीकाठी. एक हीर लवचीक, एकटा टिकत नाही. म्हणून हातभर लांबीचे तीन-तीन हीर जुळवून त्यांची एक काडी केली, अशा पाच काड्या. बांधायला दोरा न घेता केळीचं सोपट घेतलं. कुंभकोणमच्या फुलबाजारात हार-गजरे याच सोपटात गुंफतात. ते ओलं करून बांधायचं; लहान बोटांना गाठ मारायला दोऱ्यापेक्षा सोपं पडतं.

काड्या मांडायच्या कशा, हे मुलांना सांगावं लागलं नाही. पेन्सिल न उचलता पाच रेघांत चांदणी काढायची युक्ती थोरल्याला येत होती. एक रेघ म्हणजे एक काडी. पाच टोकं बांधून झाली तेव्हा चांदणी उचलून धरली, तर ती लगेच वेडीवाकडी झाली. इथे थांबायला हवं, कारण सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच आहे. चार काड्यांचा चौकोन बांधला तर तो ढकलल्यावर कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. कोनांशी फक्त गाठी असल्या तरी त्रिकोणाला आकार बदलायला वावच नसतो. आमच्या चांदणीची टोकं तेवढी बांधलेली होती, मधे काड्या नुसत्या एकमेकींवरून जात होत्या, म्हणून ती डुगडुगत होती. मधल्या पाच छेदांवरही सोपट बांधलं, आणि पाच टोकांचे पाच त्रिकोण पक्के झाले. मग ती जमिनीवर टाकली तरी बिघडेना. थोरल्यानं ती दहादा टाकून पाहिली. आकाशकंदिलाच्या कामट्या बांधणारा कारागीर हेच करतो, आणि मंगलोरी कौलांच्या छपराची कैचीही याच बळावर उभी असते.

थोरल्यासाठी आणखी एक गंमत. कागदावर पाच रेघांची चांदणी काढायची, हातानं, वाकडीतिकडी चालेल. मग तिची पाचही टोकं कापायची आणि त्यांचे अणकुचीदार कोन एका बिंदूला लावून शेजारी-शेजारी मांडायचे. खालची कड सरळ रेघ होते. नीट मापात काढलेल्या चांदणीचं प्रत्येक टोक ३६ अंशांचं, पाचांचे १८० होतात. पण चांदणी कितीही ओबडधोबड असली तरी बेरीज तीच येते. त्यानं तीन चांदण्या कापून पाहिल्या. तिसरी मुद्दाम बेढब काढली होती.

जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरावियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांना भूमिती शिकवण्यासाठीच कागदाच्या चांदण्या करवून घेत. तिथूनच पंचवीस टोकांची ती प्रसिद्ध हर्नहूटची चांदणी जगभर गेली. ती आपल्या कामाची नाही. पंचवीस कागदी टोकं घडवणं पाच वर्षांच्या मुलाच्या हाताबाहेरचं आहे.

सांगाड्यावर कागद चिकटवायला खळ केली. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवायचा, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. बुकबायंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नये, ते विष आहे. तीन वर्षांचं मूल खळ चाटणारच. थोडी करावी, दोन दिवसांत संपवावी.

आणि धाकटीचं काम काय? कागद फाडणं. मोठ्या माणसांना हे काम वाटत नाही, पण तीन वर्षांच्या बोटांना ते अवघड आहे. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरायचा, एक हात पुढे न्यायचा, दुसरा मागे, तोही बेतानं. पेन्सिल धरायला लागणारं बळ इथूनच येतं. कात्री साडेतीन-चारच्या पुढे, तीही आधी नुसते कडेचे तुकडे कचाकच कापायला; रेघेवरून कापणं नंतर. धाकटीनं लाल पतंगी कागदाचे तुकडे फाडले आणि सगळेच्या सगळे चांदणीच्या एकाच टोकावर थापले. तुकड्यावर तुकडा. बाकीची चार टोकं उघडी. माझा हात पुढे गेला होता, तुकडे पसरायला. तो मी मागे घेतला, आणि उरलेली टोकं नातीनं भरली.

चांदणी वाळवायला उन्हाकडे तोंड करून टांगली तेव्हा चार टोकं फिकट गुलाबी उजळली आणि धाकटीचं टोक गर्द डाळिंबी. कागदाचा प्रत्येक थर थोडा थोडा उजेड अडवतो, पाच-सहा थरांतून पार होतो तो अगदी गडद लालच. मी ते त्यांना तसंच सांगितलं, मग प्रत्येकानं बोटांत कागदाचे दोन, चार, सहा थर धरून भिंतीवर त्यांची सावली पाडून पाहिली. सूर्याकडे थेट पाहू द्यायचं नाही, उजेडाकडे पाठ करून भिंतीवर सावली पाडायची, एवढी काळजी घ्यावी. आत मेणबत्ती तर कधीच नको. बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा पुरतो.

कागदाची एक जुनी गोष्ट याच भागातली. मरुदानल्लूरहून पूर्वेला, समुद्राकडे काही तासांच्या वाटेवर तरंगंबाडी आहे. १६२० पासून १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. डॅन्सबोर्गचा किल्ला अजून समुद्रावर उभा आहे. जुलै १७०६ मध्ये तिथे त्सीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन धर्मोपदेशक उतरला. त्यानं तमिळ शिकून घेतलं, छापखाना आणला, तमिळ खिळे आले, आणि कागद पुरेना म्हणून १७१५ च्या सुमारास जवळच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही काढला. कागदावर चिकटकाम करणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगितली, की तुमच्या या भागात कागद घडवायची खटपट तीनशे वर्षांपूर्वी झाली आहे. याच तरंगंबाडीला १७५० साली श्वार्ट्झ नावाचा धर्मोपदेशक आला. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे लहानपणी त्याच्या देखरेखीखाली शिकले. पुढे राजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मराठीतल्या आरंभीच्या छापील पुस्तकांतलं एक पुस्तक मुलांच्या गोष्टींचं, तेही तंजावरचं, याचा मला फार आनंद वाटतो.

डेन्मार्कमधली मुलं नाताळात कागदाचं विणलेलं हृदय करतात आणि त्यात खाऊ भरून झाडाला टांगतात. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० च्या सुमारास केलेलं असं एक हृदय अजून जपून ठेवलेलं आहे. डेनिश लोक तोवर तरंगंबाडी विकून निघून गेले होते, म्हणजे ही कला त्यांनी इकडे आणलेली नाही. पण वीण इथल्या मुलांच्या ओळखीची आहे. मांडवावर घालायला नारळाचं झावळं विणतात तीच, एक वर एक खाली.

दोन रंगांचे दोन कागद घ्यायचे. प्रत्येकाची मधोमध घडी घालायची. घडी घातल्यावर रुंदी सहा सेंटिमीटर, लांबी नऊ, आणि घडीच्या उलट बाजूचं टोक अर्धगोल कापायचं. घडीकडून आत चिरा द्यायच्या, लांबीला कागदाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त, साधारण साडेसहा. चीर आखूड राहिली तर शेवटची पट्टी बसत नाही आणि मूल रडकुंडीला येतं. या कामात बहुतेक फसगत इथेच होते. आता दोन्ही तुकडे काटकोनात धरून विणायचं. घडीमुळे प्रत्येक पट्टी म्हणजे एक बोळकं असतं, म्हणून ती समोरच्या पट्टीच्या नुसती वरून किंवा खालून जात नाही. ती एकीच्या पोटातून जाते आणि पुढचीला आपल्या पोटात घेते. ओळ बदलली की उलट. पूर्ण झालं की हृदय पिशवीसारखं उघडतं. पाच वर्षांच्या मुलाला एकच चीर, म्हणजे दोन-दोन पट्ट्या; आठच्या मुलाला तीन चिरा. धाकट्यांसाठी सपाट कागदाची चटई विणणं बरं. बालोद्यानाची कल्पना जगाला देणाऱ्या फ्रोबेलनं कागदाची घडी आणि कागदाची वीण या दोन्ही गोष्टी लहान मुलांच्या उद्योगांत घातल्या होत्या. त्याचं पहिलं केंद्र १८३७ सालचं. नातीला दुसऱ्या प्रयत्नात हृदय जमलं. त्यात शेंगदाणे आणि गूळ मावला.

शुभेच्छापत्रं, कागदी साखळ्या हे सगळ्यांना येतंच, ते मी सांगत बसत नाही. झाडाचं मात्र सांगते. सूचिपर्णी झाड तिथे उगवत नाही, पण किनाऱ्याकडे सुरूची बनं आहेत. तमिळ आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतून सुरूची फांदीच नाताळचं झाड होते, आणि मला ती प्लास्टिकच्या झाडाहून कितीतरी सुंदर वाटते. त्यावर कापसाचं बर्फ पसरायचा आग्रह कशाला? बर्फ न पाहिलेल्या मुलाला त्यात काही करायला नाही. त्यापेक्षा तंजावरची भेंडाची कला जवळ आहे. तळ्यात उगवणाऱ्या झुडपाचा पांढराशुभ्र, हलका गर, ज्याची आपल्याकडे बाशिंगं करतात तोच भेंड. तिकडे त्याला नेट्टी म्हणतात आणि त्यातून अख्खी देवळं कोरतात. कारागिराकडचे टाकाऊ तुकडे मिळाले तर त्यांची फुलं फांदीवर चिकटवावीत. वजन नसल्यानं सुरूची नाजूक डहाळी वाकत नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. तंजावरची मान डोलावणारी बाहुली पुष्कळांनी पाहिली आहे. तिचे दोन प्रकार. एक नाचरी बाहुली, तिचे घागरा, धड, डोकं असे भाग तारेवर टेकवलेले असतात आणि वाऱ्यानंही हलतात. दुसरी आडवी केली तरी उठून उभी राहणारी, गोल बुडाची. या बाहुल्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. दुसरा प्रकार घरी करता येतो, आणि तो सांताक्लॉज म्हणून शोभतो, कारण सांताचं पोट मुळात गोल आहे.

नारळाची अर्धी करवंटी घ्यायची, जिचं बूड जास्तीत जास्त गोल आहे ती. बाहेरचा काथ्या काढून ती खरखरीत फरशीवर घासायची. टोक आलेलं असेल तर तेही घासून घ्यायचं. हे काम तिन्ही मुलांनी आळीपाळीनं केलं, आणि अंगण तासभर कुरकुर वाजत होतं. मग कालव्याकाठची चिकण माती मळून करवंटीच्या तळाशी नीट दाबून बसवायची. पाव भाग भरेल एवढीच, आणि मधोमध. दोन दिवस सावलीत वाळू द्यायची. वर पुठ्ठ्याची गोल चकती खळीनं चिकटवायची, चकतीवर लाल कागदाचा शंकू, शंकूवर चेहरा, कापसाची दाढी. शंकू वीतभरापेक्षा कमी उंच आणि हलक्या कागदाचाच हवा.

बोटानं ढकललं की सांता पार आडवा होतो आणि डुलत डुलत उठतो. का उठतो? बाहुलीचं जवळजवळ सगळं वजन तळाच्या मातीत आहे. कलल्यावर गोल बूड घरंगळतं, जमिनीला टेकण्याची जागा एका बाजूला सरकते, आणि मातीचा गोळा किंचित वर उचलला जाऊन दुसऱ्या बाजूला राहतो. वजनदार गोळा पुन्हा खाली यायला बघतो, त्या ओढीनं बाहुली सरळ होते. वजनाचा मध्य बुडाच्या गोलाईच्या मध्यापेक्षा खाली असेपर्यंत हे चालतं. तो वर गेला की बाहुली पडते ती पडतेच. थोरल्यानं आपल्या सांताला हातभर उंच टोपी घातली आणि टोपीच्या टोकाला मातीचा गोंडा लावला. सांता उठेना. त्यानं टोपी दाबून पाहिली, करवंटी फिरवून पाहिली, मग गोंडा काढला. सांता उठला. मी एक शब्द बोलले नव्हते. धाकटीनं आपल्या करवंटीत माती एका कडेला थापली होती, म्हणून तिचा सांता तिरकाच उभा राहतो आणि उठतानाही तिरका उठतो. तिला तो तसाच हवा आहे.

पलीकडच्या ख्रिस्ती घरी दरवर्षी गोठा मांडतात. तमिळमध्ये त्याला कुडिल म्हणतात. येशूजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसपाशी नेऊन पोचवतात. त्यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण मांडली होती. वसईत, गोव्यात, कुंभकोणमला ख्रिस्ती घरांतून गोठा असतो. माझ्या नातीला पायऱ्यांवर बाहुल्या मांडायचा नवरात्रातला गोलू ठाऊक, तिच्या मुंबईच्या मावसभावांना दिवाळीचा किल्ला ठाऊक. तिन्ही ठिकाणी मूल एक छोटं जग रचतं, त्यात डोंगर, वाट, विहीर, गुरं आपल्या मनानं ठेवतं. म्हणून गोठ्यातली माणसं विकत आणली तरी मेंढ्या मुलांनी कराव्यात. मातीचा लिंबाएवढा गोळा, हिरांचे चार पाय, वर कापूस. गव्हाणीत भाताचं काड घालायचं, आणि बाळाची जागा चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची.

गवत मात्र पेरावं. ताटलीत ओला काथ्या किंवा जुनं धोतर पसरून त्यावर मोहरी आणि नाचणी दाट टाकायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, भिजवून ठेवायचं नाही. किल्ल्यावर आपण आळीव पेरतो तसंच. मोहरी दोन-तीन दिवसांत फुटते, नाचणी तिच्यामागून येते. आठवड्यात बोटभर हिरवळ होते, म्हणून सतरा-अठराला पेरायला हवं. आम्ही अठराला पेरलं. ताटली खिडकीशी होती, तर सगळे कोंब उजेडाकडे झुकले. नातीनं रोज ताटली फिरवायचं काम घेतलं आणि एकही दिवस चुकवलं नाही.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला, गोठा उतरला. हिरवळ तोवर पिवळी पडत आली होती. मुलांनी ती काथ्यासकट उचलली, काथ्या सोडवून काढला आणि उरलेली मूठभर शेजारच्या गाईपुढे ठेवली. गाईनं ती एका घासात खाल्ली. चांदणी पोंगलपर्यंत तशीच राहू द्यायचं ठरलं, कारण धाकटी रोज दुपारी आपलं टोक उन्हात लाल झालं का ते पाहायला जात होती.